भिंतीवरचा चौक आणि कागदावरचे चित्र

भाईंदरच्या ज्या वस्तीत आज आपण जमलो आहोत तिचे नाव इंद्रलोक. पुराणातल्या इंद्रलोकी गंधर्व गात, अप्सरा नाचत, आणि कला कशाला म्हणावे हा प्रश्न तेथे कोणालाच पडत नसे. आपल्या इंद्रलोकात तो पडावयास हरकत नाही. त्याचे एक उत्तर आपल्याच रेल्वेच्या रुळांवर, उत्तरेच्या अंगाला सापडते. खाडीचा पूल ओलांडून वसई, विरार, पालघर मागे टाकीत गाडी डहाणूस पोचते. २०१३ सालापासून तेथवर लोकलही जाते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत तो मुलूख आणि आपले भाईंदर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे आज जी हकीकत सांगावयाची ती शेजारच्या घरचीच आहे.

प्रथम शहराकडे वळू. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिने सुशिक्षितांच्या मनात कलेची एक मूर्ती ठसविली. समोर मॉडेल बसवावे, त्याची हाडेपेरे बिनचूक साधावीत, छायाप्रकाश तोलावा, आणि काम पुरे झाले की कोपऱ्यात सही करावी. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच घडविलेली ‘मंदिरपथगामिनी’ ही या शिक्षणाची परमावधी. या मूर्तीला कमी लेखण्याचा आमचा मुळीच विचार नाही. मात्र पुढे पन्नास वर्षे कलेची व्याख्याच तेवढी होऊन बसली.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढून तिला धक्का दिला. वाद इतका पेटला की १९५४ साली अकबर पदमसी यांना एका युगुलचित्रापायी मुंबईच्या न्यायालयात उभे राहावे लागले. ते निर्दोष सुटले. ही बंडे खरीच होती. तरी बारकाईने पाहिले तर भांडण चित्र कसे काढावे याचे होते. चित्राला चौकट असावी, खाली नाव असावे, ते दालनात टांगले जावे आणि कोणी तरी विकत घ्यावे, याबद्दल दोन्ही पक्षांचे एकमतच होते. युरोप-अमेरिकेत मार्सेल द्यूशाँ याने १९१७ सालीच एक मुतारीचे भांडे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे धाडून, ही कला का नव्हे, असा खोडसाळ सवाल टाकला होता. पण भांड्यावर त्यानेही सही केली होती. टोपणनावाने का होईना!

याच वर्षांत डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून काय चालले होते? मुंबईकराला वारली ठाऊक होता तो जंगलात लाकूड तोडणारा आणि गवत कापणारा मजूर म्हणून. १९४५ साली के. जे. सावे यांनी या जमातीवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला आणि वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव गाजले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती कहाणी सांगितली आहे. वेठीला जाणारा माणूस शहराने तेव्हा पाहिला. त्याच्या घरातली भिंत मात्र पाहावयाची राहून गेली.

ती भिंत कुडाची. शेणामातीने सारवलेली आणि वर गेरूचा हात फिरविलेली. घरात लग्न निघाले म्हणजे सवाशिणी तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात, काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि भिंतीवर चौक लिहितात. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या आणि मध्यभागी पालघट देवी. ही सुफलतेची देवी. तिच्यावाचून लग्न लागत नाही. शेजारी लहानसा देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव. भोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचे वर्तुळ आणि काड्यांचे हातपाय. एवढ्या भांडवलावर कमरेतली लवचीकता आणि पायातली लगबग नेमकी उतरते. मॉडेल बसवून वर्षानुवर्षे हात घोटणाऱ्यालाही ते सहज साधत नाही. चौक लिहिणाऱ्या बायका. लग्न लावणारी धवलेरी हीदेखील बाईच. पुरुष या कामात हात घालीत नसत.

आता शहराचे माप या भिंतीला लावून पाहा. चौकट नाही, सही नाही, विक्री नाही. लग्न उरकले की चौकाचे काम संपले. पुढल्या सारवणात तो मिटला तरी कोणी हळहळत नाही. कोणा एका व्यक्तीच्या मनातले गूज सांगण्यासाठी तो लिहिलेला नसतो. आमच्या कलाविषयक पुस्तकांतील जवळजवळ प्रत्येक अट येथे मोडते. तरीही समोर उभे राहिले की, हे चित्र नव्हे, असे म्हणण्याची छाती होत नाही. आमच्या मते द्यूशाँपेक्षा अवघड प्रश्न या बायकांनी घातला. तो कोणाला घालावयाचा म्हणून घातलेला नव्हता, हीच त्यातली मौज.

हा प्रश्न शहरापर्यंत आणून पोचविला तो भास्कर कुलकर्णी यांनी. हे जे. जे. मधून निघालेले चित्रकार. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारात मिथिलेला धाडले होते. तेथल्या स्त्रिया घरच्या भिंतींवर जी चित्रे काढीत ती त्यांनी कागदावर काढावीत आणि दोन पैसे मिळवावेत, हा त्यातला हेतू. पुढे हाच प्रयोग घेऊन ते डहाणूकडे आले, वारल्यांत राहिले, त्यांच्यातलेच झाले. कागद आणि रंग त्यांनी पुढे केले तेव्हा बायका बुजल्या आणि एक पुरुष पुढे आला, असे सांगतात.

तो पुरुष म्हणजे कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली आणि तो धुळीत रेघा ओढून मनातले सांगू लागला, अशी हकीकत त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाते. मोठेपणी हा गृहस्थ लग्न नसतानाही रोज चित्रे काढू लागला. पाड्याच्या दृष्टीने यात दुहेरी मर्यादाभंग होता. काम बायकांचे, आणि प्रसंगावाचून करावयाचे नव्हे. शहराची व्याख्या बायकांच्या चौकाने मोडली होती. पाड्याची व्याख्या म्हसे यांनी मोडली.

आणि त्या मोडण्यातून काय निघाले ते पाहण्यासारखे आहे. चौक सुटला तशी चित्रातली देवीही मागे सरली; मोकळ्या झालेल्या कागदावर रोजचा संसार लोटला. तारपा वाजविणारा मध्यभागी आणि त्याच्याभोवती शंखासारखी वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. भाताची लावणी, मुंग्यांची वारुळे. मासे धरावयाचे जाळे तर त्यांनी असे काढले आहे की, केसाएवढ्या रेघांची वीण सगळ्या कागदावर पाण्यासारखी हलत राहते. विधीच्या नियमात बसणारी ही गोष्ट नव्हे. हे एका माणसाचे पाहणे आहे. चौक कागदावर उतरला आणि बाटला, असे म्हणणारे जाणकार आहेत. त्यांचा आक्षेप आम्हांस निम्माच पटतो. चौक जागच्या जागी राहिला, आणि त्याच्या लिपीत लिहिलेले दुसरेच काही जन्मास आले.

निम्मा पटतो तो यासाठी. १९७५ साली मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतच असलेल्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत चालण्यालाच कला मानतो आणि संग्रहालयाच्या भिंती हातांनी चिखल फासून रंगवितो. त्याच्या जोडीने २००३ साली जर्मनीत डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे यांचे काम मांडले गेले. भिंतीला हाताने माती लावणे ही नवी कला असल्याचे ऐकून एखादी वारली म्हातारी गालातल्या गालात हसली असती! असो. हा सर्व मान म्हसे यांच्या वाट्यास योग्यच आला. पण शहराने वारली चित्र आपलेसे केले ते आपल्या अटींवर: कागद हवा, नाव हवे, किंमत हवी. ज्यांच्या हातांतून ती लिपी पिढ्यान्पिढ्या चालत आली त्या सवाशिणींपैकी किती जणींची नावे आपणांपैकी कोणी सांगू शकेल? व्याख्या रुंदावली खरी, परंतु जिला सही करणे कधी सुचलेच नव्हते ती तिच्या बाहेरच उभी राहिली.

तोपर्यंत ते दोन त्रिकोण गावभर झाले. पडद्यांवर, कपबशांवर, साड्यांच्या पदरांवर, शहरांच्या कुंपणभिंतींवर ते दिसू लागले. बहुधा वारली नसलेल्यांनी काढलेले आणि पुष्कळदा यंत्राने छापलेले. या चित्रकलेला पुढे भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण लाभले. पण कायदा मुलखाचे नाव राखतो, हात ओळखत नाही. छापील माणसांकडे नीट पाहा: कंबर ताठ असते, पाय जमिनीला चिकटलेले असतात. तारप्यामागून कोणी नाचत असल्याचा भास होत नाही.

जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी वारले. त्यांच्या मुलांनी कुंचला चालू ठेवला, आणि आज पाड्यापाड्यांवर पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कागदावर, कापडावर चित्रे काढतात आणि खाली आपले नाव घालतात. लग्न निघाले म्हणजे मात्र अजूनही पीठ कालवले जाते आणि सवाशिणी भिंतीशी जाऊन बसतात. त्या चौकाखाली सही नसते.