दूरचित्रवाणी निवेदक

दूरचित्रवाणी निवेदक म्हणजे दूरचित्रवाणीवरील बातम्या, चर्चा, मुलाखती किंवा अन्य कार्यक्रम प्रेक्षकांसमोर सादर करणारी व्यक्ती होय. बातम्या सांगणाऱ्यास वृत्तनिवेदक, तर मनोरंजनाचा किंवा समारंभाचा कार्यक्रम पुढे नेणाऱ्यास सूत्रसंचालक म्हणतात. खासगी वृत्तवाहिन्यांच्या काळात ‘अँकर’ हा शब्दही मराठीत रुळला आहे. देखणा चेहरा आणि गोड आवाज हीच या कामाची मुख्य पात्रता, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात, समोर न दिसणाऱ्या प्रेक्षकाच्या कानी आपले वाक्य कसे पडेल याचे भान ही त्याहून मोठी पात्रता आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला आणि मराठी निवेदनाला पडद्यावर जागा मिळाली. या केंद्रावरील सुरुवातीचे निवेदक आकाशवाणी, रंगभूमी आणि साहित्य अशा क्षेत्रांतून आले होते. भक्ती बर्वे यांना आकाशवाणीचा आणि नाटकाचा अनुभव होता. अनंत भावे हे लेखक होते. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी मराठी बातम्या वाचत असत. प्रदीप भिडे (निधन २०२२) यांचा भारदस्त आवाज तर कित्येक घरांत सायंकाळची खूणच होता. याच केंद्रावरून तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी मुलाखतींचा कार्यक्रम अनेक वर्षे सादर केला.

त्या काळी बातमीपत्र मोजक्या मिनिटांचे असे आणि मजकूर आधी लिहिलेला, तपासलेला असे. २००७ पासून चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि निवेदकाचे काम बदलले. आता हाती मजकूर नसतानाही त्याला बराच वेळ बोलत राहावे लागते. जुन्या निवेदकांचे कौतुक करताना हा फरक विसरला जातो.

भाषा आणि उच्चार

मराठीत च, ज आणि झ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत, पण लेखनात ते वेगळे दाखवले जात नाहीत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द कागदावर सारखे दिसतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एक नाही. म्हणून निवेदकाला मजकूर आधी अर्थासह वाचून घ्यावा लागतो. वर्गात प्रकट वाचन घेणाऱ्या शिक्षकांना हे चांगले ठाऊक असते: मुलाला अर्थ कळलेला नसतो, नेमक्या तेथेच त्याचा आवाज सपाट होतो.

प्रमाण उच्चारांचा आग्रह आणि बोलींचा मान यांत नेहमीच ओढाताण राहिली आहे. वऱ्हाडी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. वृत्तनिवेदनासाठी विदर्भातील उमेदवाराला ण आणि ळ यांचा सराव करावा लागतो, आणि तो करणे त्याच्या हिताचे आहे. परंतु त्याची बोली अशुद्ध आहे असे त्यावरून ठरत नाही. वऱ्हाडी शेतकऱ्याशी बोलताना त्याच्या शब्दांवर ओठांच्या कोपऱ्यात हसणारा निवेदक निर्दोष उच्चार करूनही आपल्या कामात कमी पडतो.

वाक्यरचनेचा प्रश्न उच्चारांहून गंभीर आहे. ‘पाणी सोडण्यात येणार आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. पण पावसाळ्यात ऊर्ध्व वर्धा धरणाचे दरवाजे उघडणार असतील, तर नदीकाठच्या माणसाला कोण, कधी आणि किती दरवाजे उघडणार हे त्याच वाक्यात हवे असते. थेट वार्तांकनातील ‘त्या ठिकाणी’ आणि ‘आपल्याला पाहायला मिळतंय’ ही पालुपदे विचाराला उसंत मिळावी म्हणून येतात; माहिती मात्र तिळभरही पुढे सरकत नाही.

आकड्यांबाबतही दक्षता लागते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सहज चुकतात, आणि आकडा मृतांचा असेल तर ही चूक क्षुल्लक राहत नाही. इंग्रजी बातमीतील ‘मिलियन’ सांगताना त्याचे दहा लाख करून सांगणे हेही निवेदकाचेच काम आहे.

स्थळनामे

महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे आहेत. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे आहेत, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात तळेगाव दिघे आहे आणि वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात तळेगाव (श्यामजी पंत) आहे. हे शेवटचे गाव नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. ‘तळेगावजवळ बसला अपघात’ एवढेच सांगितले, तर राज्याच्या दोन टोकांना असलेली घरे एकाच वेळी हादरतात आणि ज्यांची माणसे खरोखर त्या बसमध्ये आहेत त्यांना निश्चित काहीच कळत नाही. तालुक्याचे नाव जोडूनही घोटाळा संपत नाही, कारण आष्टी वर्ध्यात आहे तशी बीडमध्येही आहे. जिल्हा सांगायला एक क्षण लागतो. पडद्याखालच्या पट्टीत तो लिहिलेला असला, तरी स्वयंपाकघरातून केवळ ऐकणाऱ्यापर्यंत ती पट्टी पोहोचत नाही.

आयत्या वेळचे निवेदन

निवेदकाच्या समोर टेलिप्रॉम्प्टर असतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढील तिरप्या काचेवर मजकूर उमटतो, त्यामुळे वाचतानाही नजर प्रेक्षकाकडे राहते. कानातील यंत्रातून निर्मात्याच्या सूचना येत असतात. एक वाक्य बोलत असताना दुसरे ऐकायचे आणि चेहऱ्यावर ते दिसू द्यायचे नाही, हे सरावानेच जमते. यंत्र बंद पडले तर हातातील कागद उपयोगी पडतो. म्हणून अनुभवी निवेदक कागद दूर ठेवत नाहीत.

मोठ्या दुर्घटनेच्या वेळी खरी कसोटी लागते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी सुरक्षा दलांच्या हालचाली वाहिन्यांवरून थेट दाखवल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कठोर टीका केली. पुढे २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती झाली आणि दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करून, नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरते वार्तांकन मर्यादित करण्यात आले. अशा प्रसंगी ‘याबाबत अद्याप खात्रीलायक माहिती नाही’ हे वाक्य न अडखळता म्हणता येणे, हे वक्तृत्वाहून मोठे कौशल्य ठरते.

मुलाखत आणि संयम

मुलाखतीत पाहुण्याचे उत्तर पूर्ण ऐकणे आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरातून काढणे अपेक्षित असते. आधी लिहून आणलेले प्रश्न क्रमाने विचारणारा निवेदक पाहुण्याने सहज टाकलेली महत्त्वाची गोष्ट हातची घालवतो. चर्चेत आवाज चढवून इतरांचे बोलणे बुडवण्याची जी पद्धत पडली आहे, तिला निर्भीडपणा म्हणणे कठीण आहे.

काही बाबतींत संयम ही कायद्याचीच अट आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम २३ नुसार पीडित बालकाची ओळख उघड करता येत नाही. नाव टाळून शाळा, गल्ली आणि वडिलांचा व्यवसाय सांगितला, तर लहान गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. आत्महत्येच्या बातमीत तिच्या पद्धतीचे वर्णन करू नये आणि एकच कारण ठामपणे सांगू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. विदर्भात शेतकरी आत्महत्येची बातमी सांगणाऱ्यास हे मार्गदर्शन विशेष लागू आहे, कारण ती बातमी ऐकणाऱ्या घरांत तशाच अडचणीत सापडलेली माणसे असतात. येथे आवाजात नाट्य आणण्याऐवजी मदत कोठे मिळेल हे सांगणे अधिक उपयोगाचे असते.

प्रशिक्षण

पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठ विभाग आणि इतर विद्यापीठांचे जनसंवाद विभाग या क्षेत्राचे शिक्षण देतात. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही जनसंचार हा विषय हिंदी माध्यमातून शिकवला जातो. गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरीही सराव करता येतो: रोजच्या वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचावी, ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि ती बातमी न वाचलेल्या घरातील माणसाला ऐकवून काय कळले ते विचारावे.