वाहनाच्या मापाचे घर

वढू बुद्रुकच्या पंचक्रोशीत लोखंडी पेटीतली खोली आता कुणाला नवलाची वाटत नाही. सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात कारखान्याच्या फाटकाशी वॉचमनची केबिन, प्लॉटिंगच्या जागेवर साइट ऑफिस, एखाद्या शेतात शनिवार-रविवारपुरते फार्महाऊस. हे कंटेनरचे घर अमेरिकेतून आले असे सांगितले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. पण उचलून नेता येणाऱ्या घराचा माग काढायचा, तर आपण भीमेच्या काठावरूनच निघू.

१६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी कोरेगाव-तुळापूरच्या परिसरात होती. ११ मार्चला छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांची समाधी वढूला आहे. त्या घटनेपुढे तंबूंकडे कुणाचे लक्ष जाणार? तरीही ती छावणी म्हणजे कापडाचे चालते शहरच होते. फ्रेंच प्रवासी बर्निए याने १६६०च्या दशकात बादशहाच्या काश्मीर प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चाले, तेव्हा दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा होत असे. त्यासाठी साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. मोठे तंबू हत्तीवर, लहान उंटावर, स्वयंपाकाची भांडी खेचरावर. जनावराला पेलेल तेवढाच तंबू, हा हिशेब आपण ध्यानात ठेवू; तो पुढे फार दूरवर सोबत करणार आहे. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे राज्याच्या खात्यांतही, तंबू-कनातींसाठी फरासखाना होताच. पुण्यात ते नाव आज एका पोलीस ठाण्याला उरले आहे. आणि गरिबाचे फिरते घर? शिरूर-दौंडच्या उसाच्या रानात दर हंगामात उभी राहणारी ऊसतोड कामगारांची कोपी तेच तर आहे. बांबू, चटया, पाचट, वर ताडपत्री. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल तेवढाच संसार. इतिहासाच्या पुस्तकांत पेशखान्याला पाने मिळतात, कोपीला ओळही मिळत नाही.

कापडाची जागा लोखंडाने घेतली ती गोदीत. लंडनच्या गोदीतला अभियंता हेन्री पामर याने १८२९ मध्ये पन्हाळी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो. त्यालाच नागमोडी घड्या घातल्या की तो ताठ उभा राहतो. आजच्या कंटेनरची भिंत याच युक्तीवर उभी आहे. पुढे अख्ख्या इमारतींचे सांगाडे जहाजांतून जाऊ लागले. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकाअखेरीस उभे राहिले, ते इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब इथे आणून जोडूनच. मराठी मुलखातल्या ‘कारखान्यात तयार, जागेवर जुळणी’ घराचा हा बडा पूर्वज. आज तो मोडकळीला आला आहे.

खुद्द पेटीचा जन्म मात्र रस्त्यावरचा. अमेरिकेतला ट्रक-मालक माल्कम मॅकलीन याने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पेटी म्हणजे चाके काढलेला ट्रकचा हौदाच. तिची रुंदी आठ फूट, कारण अमेरिकी महामार्गांवर तेवढ्याच रुंदीची वाहने चालत. १९६०च्या दशकाअखेरीस आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि ते आठ फूट जगाचे झाले. हत्तीच्या पाठीची जागा ट्रेलरने घेतली, एवढेच.

१९८९ हे वर्ष आपल्या दृष्टीने जोडवर्ष आहे. मे महिन्यात न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेत फिलिप क्लार्क याला कंटेनरपासून राहते घर करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पेटी घाटावर यायची वाट आणि तिच्यात राहायची कल्पना, दोन्ही एकाच पावसाळ्याच्या आगेमागे. लंडनमध्ये २००१ साली ‘कंटेनर सिटी’ उभी राहिल्यावर या कल्पनेला प्रतिष्ठा आली.

फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये मात्र प्रतिष्ठेपेक्षा ग्राइंडरचा आवाज मोठा. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. पण भिंतीत खिडकी कापली की पन्हाळीचा ताठपणा तिथे तुटतो, म्हणून आधी बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करावी लागते. मग आतून ग्लासवूल किंवा पफ फोम, त्यावर प्लाय. शिरूरकडच्या उन्हाळ्यात हा थर नसेल तर दुपारी आत बसवत नाही. जुन्या पेटीची लाकडी जमीन कीड लागू नये म्हणून औषध मारलेली असते. झोपायची खोली करायची तर ती उखडलेलीच बरी.

गंमत अशी, की आपण ज्यांना सर्रास कंटेनर म्हणतो त्यातल्या पुष्कळ केबिनींनी समुद्र पाहिलेलाच नाही. त्या नव्या पत्र्याच्या, शेडमध्येच जन्मलेल्या. पन्हाळ्या मात्र तशाच. मला या नकलेत कमीपणा दिसत नाही. तीही शेवटी ट्रेलरवरूनच जायची आहे. म्हणून शेतकरी चाळीस फुटी केबिन मागू लागला, की फॅब्रिकेटर आधी शिवरस्त्याची रुंदी विचारतो, वळण कुठे आहे, विजेच्या तारा किती उंचीवर आहेत, हायड्रा क्रेन उभी राहायला जागा आहे का ते पाहतो, आणि बहुतेकदा वीस फुटीवरच सौदा ठरतो.