‘टाटाला नेलंय’

देवरूखात कुणी हळू आवाजात ‘त्याला टाटाला नेलंय’ म्हणालं, की पुढचं विचारावं लागत नाही. परळचं हे हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं. आजची गोष्ट तिथल्या एका साध्या प्रश्नाची.

तोंडाचा-घशाचा कॅन्सर वाढलेला असेल, तर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. प्लॅटिनमचं औषध, त्याचा गुण 1965 मध्ये अमेरिकेत बॅक्टेरियांवर वीज सोडताना योगायोगाने कळला! त्याने रेडिएशनचा मारा जास्त लागू पडतो. पण द्यायचं कसं? तीन आठवड्यांनी मोठा डोस, की झेपावा म्हणून दर आठवड्याला थोडा? टाटात 300 पेशंटवर दोन्ही ताडून पाहिलं. बहुतेकांचं ऑपरेशन आधी झालेलं. 2018 चा निकाल: दोन वर्षांनी आजार जागेवर आटोक्यात राहिला तो मोठ्या डोसने 73 टक्के जणांत, छोट्याने 58.5. त्रासही मोठ्यालाच जास्त, हे लपवत नाही.

आणि किडनी किंवा कान अधू, म्हणून सिस्प्लॅटिन चालतच नाही त्यांचं? टाटातल्याच 2023 च्या निकालात डोसिटॅक्सेल जोडल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेले सुमारे 42 वरून 51 टक्क्यांवर गेले.

रेडिएशन सहा-सात आठवडे, आठवड्याला पाच दिवस. देवरूखहून रोज जाणं शक्यच नाही. मग कुणा चाकरमान्याच्या खोलीवर पथारी.