एरंडाच्या पोटचा सुवास

एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे पोकळ बडबड, असं आपण म्हणतो. पण याच एरंडाने अत्तराच्या इतिहासात मोठं काम केलं आहे. आपलं इस्लापूर मंडळ १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होतं. आणि ते हैद्राबाद राज्य एरंडीसाठी नावाजलेलं. एरंडेल खूप तापवून एक आम्ल काढतात. गंधकाम्लाच्या साहाय्याने त्यापासून पीच, म्हणजे सप्ताळूच्या, वासाचं द्रव्य तयार होतं. १९०८ साली रशियन रसायनज्ञांनी ते सिद्ध केलं. १९१९ मध्ये पॅरिसच्या गेर्लां यांनी आपल्या ‘मित्सुको’त ते वापरलं. त्या द्रव्यात सप्ताळूचा थेंबही नाही! ज्या एरंडेलाला पोरं नाक मुरडीत, त्याच्याच पोटी हा सुवास! तेव्हा बांधावरच्या एरंडाला कुणी हिणवू नये.