अँबॉय

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीमधील वस्ती. मोहावी वाळवंटात, जुन्या 'रूट ६६' महामार्गावर, बार्स्टो आणि नीडल्स या शहरांच्या दरम्यान वसलेली. तिला नगरपालिका नाही, महापौर नाही. कारभार थेट काउंटी पाहते. अशा वस्तीला तिकडे 'अनइन्कॉर्पोरेटेड' म्हणतात. आपल्याकडे एखाद्या वाडीलाही ग्रामपंचायतीचा आधार असतो; अँबॉयला तोही नाही.

१८८३ मध्ये अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेने येथून मार्ग नेला. अभियंता लुईस किंगमन याने स्थानकांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावे दिली : अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, आणि पुढे तशीच. भरभराट मात्र मोटारींमुळे झाली. रॉय क्रोल याने १९३८ मध्ये येथे 'रॉइज' हा पेट्रोल पंप सुरू केला. पुढे त्याचा जावई बस्टर बरिस याच्या काळात गॅरेज, उपाहारगृह आणि मोटेल उभे राहिले. उन्हात इंजिन तापून बंद पडलेल्या गाड्या हे त्यांचे हमखास गिऱ्हाईक. १९५९ मध्ये उभारलेली 'रॉइज'ची सुमारे ५० फूट उंच, निऑन दिव्यांची पाटी वाळवंटात लांबूनच नजरेत भरते.

१९७३ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० उत्तरेकडून गेला आणि गावातली वर्दळ ओसरली.

पश्चिमेला अँबॉय क्रेटर हा सुमारे २५० फूट उंचीचा ज्वालामुखी शंकू आहे. त्याची एक कड फुटलेली असल्याने पायवाटेने थेट आतच शिरता येते. आग्नेयेला ब्रिस्टल हे कोरडे सरोवर. तेथे जमिनीत लांबलचक चर खणतात; खालचे खारे पाणी झिरपून चरात साचते आणि उन्हाने आटते. आधी मीठ बसते, उरलेल्या दाट द्रावात कॅल्शियम क्लोराइड राहते. रस्त्यावरची धूळ दाबायला आणि बर्फ वितळवायला ते वापरतात. आपल्या मिठागरांत समुद्राचे पाणी घेतात. इथे समुद्राचा मागमूसही नाही.

२००५ मध्ये 'हुआन पोयो' या कोंबडी-उपाहारगृहांच्या साखळीचे संस्थापक आल्बर्ट ओकुरा यांनी सगळे गाव ४,२५,००० डॉलरला विकत घेतले. पंप २००८ मध्ये पुन्हा सुरू झाला, २०१९ मध्ये पाटीचे दिवे पुन्हा लागले. मोटेलच्या खोल्या मात्र तेव्हाही बंदच होत्या. जमिनीखालचे पाणी खारे, पिण्याचे बाहेरून आणावे लागते.