घोंगडी

दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीपासून हातमागावर विणलेले आयताकृती ऊबदार वस्त्र. यास कांबळे असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या पठारी भागात हिवाळ्यात दिवसाच्या व रात्रीच्या तापमानांत मोठे अंतर पडते. दुपारी अंगावर सदराही नकोसा होतो, तर पहाटे शेकोटीवाचून निभत नाही. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १·७° से.पर्यंत उतरला होता. अशा हवेत शिवलेल्या लोकरी कपड्यापेक्षा खांद्यावर टाकता येणारे, पांघरता व अंथरताही येणारे एकच वस्त्र सोयीचे ठरले. तान्ह्या मुलास कुंची, वृद्धास कानटोपी व घरात निजावयास वाकळ होतीच. परंतु उघड्या माळावर रात्र काढणारा मेंढपाळ आणि शेताचा राखणदार यांस घोंगडीचाच आधार असे.

मेंढ्यांची लोकर साधारणतः वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून सूत काढतात व ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात. विणकाम परंपरेने सनगर व खुटेकर धनगर यांचे. रंग बहुधा मेंढीचाच : काळा, करडा किंवा पांढरा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, मऊ असल्याने तिच्या घोंगडीस अधिक मान असतो. एरवीची घोंगडी अंगास टोचते. पण तिच्या राठ तंतूंमध्ये हवा कोंडून राहते व तीच ऊब धरते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के आर्द्रता शोषूनही ओलसर भासत नाही. त्यामुळे पावसातही घोंगडीचे एक टोक दुमडून केलेली खोळ डोक्यावरून घेतली, की पाठ झाकली जाते आणि हात कामास मोकळे राहतात. मात्र एकदा चिंब झालेली घोंगडी अतिशय जड होते व लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामास ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते यामुळेच.

संतवाङ्‌मयात घोंगडी रूपक म्हणून येते. खंडोबा व बिरोबा यांच्या उपासनेतही तिला पावित्र्य आहे. तरीही नागर समाजात ती गरिबीची खूण मानली गेली. महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका याच समजुतीचा उपयोग केला. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले आणि खरी प्रजा कशी राहते, हे त्यांनी तेथे सांगितले.

पुणे-मुंबई मार्गावरील निगडी येथे या वस्त्राचा उतरता काळ स्पष्ट दिसतो. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामी जाते. एके काळी वारकऱ्यांच्या खांद्यावर दिसणाऱ्या घोंगडीची जागा आता बहुतांशी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर निगडीचे शेतीचे गाव नगरात मिसळले. डिसेंबरात रात्रपाळीवरून दुचाकीने परतणारा कामगार स्वेटर, जर्किन, कानटोपी व हातमोजे घालतो. वाऱ्याने फडफडणारी घोंगडी त्याच्या कामाची नाही, हे उघड आहे.

परंतु गिऱ्हाईक बदलले एवढेच ऱ्हासाचे कारण नव्हे. दख्खनी मेंढी वर्षाकाठी एक किलोपेक्षाही कमी लोकर देते आणि तिच्या लोकरीस मिळणारी किंमत कातरणीच्या मजुरीसही पुरेनाशी झाली. मेंढपाळांचे उत्पन्न मुख्यतः मांसावर अवलंबून राहू लागल्याने सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळसारख्या, वाढीस चांगल्या पण अंगावर तुरळक लोकर असलेल्या मेंढ्यांचा संकर वाढला. या व्यवहारात मेंढपाळाला दोष देता येत नाही. मात्र जाड लोकरीचा कळपच विरळ झाला, तर पुढे मागणी वाढूनही विणकराच्या हाती सूत यावयाचे नाही. उरलेल्या दख्खनी कळपांची लोकरही गिऱ्हाइकाअभावी पुष्कळ ठिकाणी कातरणीच्या जागीच टाकून दिली जाते.