गुडमार: जिभेवरील अनुभव ते रक्तशर्करेचे परीक्षण

प्रस्तावना

मधुमेहावरील वनौषधींच्या इतिहासात गुडमार या वेलीला विशेष स्थान आहे. महाराष्ट्रात ती कावळी किंवा बेडकीचा पाला या नावांनीही ओळखली जाते. तिचे पान चघळल्यावर काही काळ गुळाची गोडी जाणवत नाही. तिच्या नावाचे मूळ याच अनुभवात आहे. तथापि, जिभेवरील गोडी मारणारी वनस्पती रक्तातील साखरही कमी करते, हे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींमधील अंतर संशोधनाने कसे मोजले, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

परीक्षणाचा इतिहास

चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार वर्णिलेले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. गुडमारच्या पानाने गोड चव नाहीशी होते, हे एजवर्थ यांचे निरीक्षण १८४७ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाले. १८८७ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळे केले. येथपर्यंत अभ्यासाचा विषय जीभ हाच होता.

१९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला व रक्तशर्करेचे मोजमाप उपचाराचा आधार बनले. १९२८ मध्ये कलकत्त्यात रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात गुडमारच्या मधुमेहावरील उपयुक्ततेला दुजोरा मिळाला नाही. उलट, मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. के. एस. म्हसकर व फादर जे. एफ. कैयस यांना १९३० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तशर्करा घटल्याचे आढळले. ही वनस्पती स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या स्रावास चालना देत असावी, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. मद्रास येथील १९९० च्या अभ्यासात २२ रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने रोज ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने देण्यात आला. रक्तशर्करा घटली, पाच रुग्णांची नेहमीची औषधे थांबविता आली. मात्र रुग्णसंख्या अल्प होती, हे विसरून चालत नाही.

मराठवाड्याचा संदर्भ

वनस्पतींची नोंद आणि औषधाची निर्मिती या दोन्ही परंपरा छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तत्कालीन औरंगाबादेत, आढळतात. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील द्विखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९९८ मध्ये येथेच प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये वोखार्ट कंपनीने बाजारात आणलेल्या मानवी इन्सुलिनचे उत्पादनही याच शहरात झाले. वनस्पतीची ओळख ही संशोधनाची पहिली पायरी होय. मात्रा, शुद्धता व परिणाम निश्चित झाल्यावरच औषध सिद्ध होते.

समारोप

गुडमारचा इतिहास पारंपरिक ज्ञानाला नाकारत नाही. तो त्या ज्ञानाला प्रश्न विचारावयास शिकवितो. ज्या रुग्णाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याने पाल्याच्या भरवशावर ते बंद केल्यास प्राणावर बेतते. शिवाय औषधांसोबत अर्क घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर घटू शकते. म्हणून जिभेने दिलेली साक्ष रक्ताच्या तपासणीनेच पडताळली पाहिजे.